वाटणीची झाडं

३ फेब्रुवारी

बारक्या,

तू पोचल्याचा निरोप काकांच्या फोनवर आला होता. काकूंनी तो मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, आठवलं म्हणून सांगितला. यापुढे जे काय असेल ते पत्रात लिही. त्यांच्या फोनवर बोलायचं म्हणजे काकू शेजारी भाजी निवडत बसतात, आणि आपलं बोलणं संपेपर्यंत त्यांची भाजी काही संपत नाही.

इथे सगळं आहे तसं आहे. सकाळी उठते, पंप चालू करते, नर्सरीला पाणी देते, घर झाडते. अप्पांची खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे, कारण केर काढताना मध्ये येते. मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघतात, मग आपलं आपणच रडून घेतात. मी तोवर चहा ठेवते. आत कुणी तरी सगळं झाकून, गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. दुखत नाही, एवढंच बरं आहे.

आता कामाचं. पतपेढीचा साहेब येऊन गेला. माणूस सभ्य आहे, आधी चहा प्याला आणि मग बोलला. शेडनेटसाठी अप्पांनी काढलेलं कर्ज घर आणि नर्सरी दोन्हींवर आहे. ती हिरवी जाळी दुसऱ्याच वर्षी वाऱ्याने नेली, कर्ज मात्र जागचं हललं नाही. जूनअखेर भरलं नाही तर दोन्हींचा लिलाव होईल. त्याशिवाय लोकांचं देणं आहेच. अप्पांची रीत तुला माहीत आहे, अर्धे पैसे आधी घ्यायचे आणि मोसंबीचं कलम दोन वर्षं वाढवून मग द्यायचं. ते अर्धे पैसे खर्च होऊन गेले आणि माणसं आता झाडं मागायला दारात येतात.

काका म्हणतात, सगळं मला दे, कर्ज मी फेडतो, वर तुम्हा दोघांना थोडं थोडं देतो. तुझ्या सहीशिवाय काही होणार नाही. मला विचारशील तर मला विकायचं नाही. कलमं तयार आहेत. यंदा ती वाटली की उरलेले अर्धे पैसे येतील आणि पतपेढीपुढे निदान तोंड घेऊन जाता येईल. मी या घराबाहेर कधी राहिले नाही. इथून उठले तर कुठे जाऊन बसू, ते मला सुचत नाही.

तुझ्या हाताचं भाजलेलं बरं झालं का? तेरा दिवस रुमाल गुंडाळून होतास, पण बघू दिलं नाहीस. काय ते कळव.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

काका देतायत तर देऊन टाक. मी सही पाठवतो. लोकांचे घेतलेले पैसे त्यातूनच परत कर आणि मोकळी हो. तोवर नर्सरीतलं एकही झाड कुणाला देऊ नकोस. कुणी कितीही गळ घातली तरी नाही म्हण. मागच्या दोन हंगामांतलं तर अजिबात नको. का, ते विचारू नकोस, माझं एवढं ऐक.

तू इकडे ये. माझी खोली लहान आहे, पण मध्ये पडदा लावता येईल. आमच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला बायका लागतात. हॉस्पिटलच्या चादरी एवढ्या येतात की दिवसभर मान वर करायला मिळत नाही. तुझ्यासारखीला ते बरं पडेल. काम चालू असलं की काही आठवत नाही, मी बघतो ना.

हात ठीक आहे.

बारक्या


२० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं अक्षर आहे की कोंबडी शाई सांडून कागदावरून चालत गेली आहे? शाळेत सुंदर अक्षराची बक्षिसं घेणारा तूच ना? दोनदा वाचलं तेव्हा 'पडदा' लागला.

झाड देऊ नको म्हणतोस, पण शिंपीणबाई तुझं पत्र यायच्या आधीच आपली पाच झाडं घेऊन गेल्या. उरलेले पैसे त्यांनी तिथल्या तिथे मोजून दिले, शिवाय माझ्या ब्लाउजची शिलाईही सोडली. घरामागे खड्डे खणून तयार होते बाईंचे. त्यांना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते? मास्तरांनी तर मागच्या वर्षीच अप्पांकडून अख्खी बाग लावून घेतली. ते परवा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, तुझ्या वडिलांची मोसंबी माझ्या नातवंडांना खायला मिळेल. मी हो म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणते.

पैसे परत कर, असं तू सहज लिहितोस. लोकांना पैसे नकोत. गवंड्याला मी विचारून बघितलं. तो म्हणाला, पैशाचं काय करू, अप्पांच्या हातचं झाड दे. या माणसांना तू ओळखतोस. तरीसुद्धा नको म्हणतोस, म्हणजे नर्सरी रिकामी व्हायच्या आत विकली तर चार पैसे जास्त येतील असा तुझा हिशेब असणार. तसं असेल तर स्पष्ट लिही. मला वाईट वाटणार नाही. मला सध्या कशाचंच वाटत नाही.

आणि मला घड्या घालायला लावायच्या आधी एकदा विचार कर. तुझे शाळेचे कपडे वर्षानुवर्षं मीच घडी करत होते, आता हॉस्पिटलच्या चादरी राहिल्या होत्या.

ताई


१ मार्च

ताई,

लिहायचं नव्हतं. आता लिहितो.

अप्पांना नेऊन आल्यावर घरात माणसं मावत नव्हती, म्हणून मी नर्सरीत जाऊन बसलो. बसल्या बसल्या हाताशी पान होतं ते चोळलं. नंतर शेजारचं चोळलं. मग उठून ओळीच्या ओळी बघत गेलो. निम्म्याहून जास्त झाडं मोसंबीची नाहीतच. ते नुसते खुंट आहेत.

तुला हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून लिहितो. खालचं रोप आंबट जातीचं असतं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीत चीर देऊन अप्पा मोसंबीच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो सालीचा तुकडा, बसवायचे आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायचे. डोळा जगून त्यातून कोंब आला की त्याच्या वरचा खुंट कापून टाकायचा, म्हणजे पुढचं सगळं झाड मोसंबीचं होतं. पण डोळा वाळला आणि तरीही वरचं कापलं, तर खुंट आपलीच फूट काढतो. दिसायला हिरवंगार, जोमदार झाड होतं. फळ धरायला चार वर्षं जातात आणि तेव्हा जाड सालीचं, बियांनी भरलेलं आंबटढाण फळ येतं. जनावरही तोंड लावत नाही.

पान चोळून बघ. खुंटाच्या पानाला लिंबासारखा झणझणीत वास येतो, मोसंबीचा मंद असतो. काटेही बघ, खुंटाचे लांब असतात. कोंब पट्टीच्या खालून आला असेल तर बघायलाच नको.

अप्पांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं, नाही का? मला कुणी कळवलं नाही. मास्तरांची बाग त्याच वेळची आहे. म्हणून म्हणतो, विकून टाक आणि निघून ये. आपण केलेलं नाही हे, आपण का निस्तरायचं?

बारक्या


९ एप्रिल

बारक्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी नर्सरीत गेले आणि पानं चोळली. नंतर बरेच दिवस फक्त पाणी घालत राहिले. ते खुंट आहेत हे कळूनही घालत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

तू विचारलंस म्हणून सांगते. अप्पांना गेली तीन वर्षं नीट दिसत नव्हतं. कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. नजर गेली असं कळलं की गिऱ्हाईक गेलं, असं ते म्हणायचे. डोळा बसवायचं काम ते बोटांनी चाचपून करत. तीस-चाळीस वर्षांचा हात, मला वाटायचं त्याला नजर कशाला लागते. मी पट्ट्या कापून द्यायची. मग दोन-तीन आठवड्यांनी ते ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि मी रोपारोपाला वाकत पुढे जायची. ते विचारत, फुटला का? मला हिरवं दिसलं की मी म्हणायची, फुटला. मग ते माझ्यामागून येऊन चाचपत आणि वरचा खुंट कापत.

कुठून फुटला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पट्टीच्या वरून की खालून, हे बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं. तू आठवीत होतास तेव्हा ते तुला घेऊन बसायचे आणि मी तुम्हा दोघांना पाणी आणून द्यायची. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलीने चाकू धरायचा नाही, असं आपल्याकडे कुणी बोललं नव्हतं, पण चाकू माझ्या हातात कुणी दिलाही नव्हता. मी खोटं बोलले नाही, बारक्या. हिरवं होतं म्हणून फुटला म्हटलं. मास्तरांची अख्खी बाग माझ्या त्या एका शब्दावर उभी आहे.

आणखी एक आहे. मागच्या हिवाळ्यात अप्पा नर्सरीत उभे होते आणि हातातलं पान नाकाशी धरून होते. बराच वेळ धरून होते. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, पाणी दे जरा. पाणी प्याले आणि घरात गेले. त्यानंतर ते नर्सरीत फारसे आले नाहीत. मला वाटलं, थकले.

तेव्हाच त्यांना कळलं होतं, असं मला आता वाटतं. माझी कीव आली म्हणून बोलले नाहीत की स्वतःची लाज वाटली, हे विचारायला माणूस राहिला नाही. वाईट वाटायला हवं आहे. मी वाट बघते आहे, पण अजून वाटत नाही.

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुझी काही चूक नाही. हे मी एकदाच लिहितो आणि तू ते दहा वेळा वाच. मला कळत होतं आणि मी इथे येऊन बसलो. तुला दिसत होतं, पण शिकवलं नव्हतं. चूक असेल तर आमची दोघांची आहे, माझी आणि अप्पांची.

पण आता करणार काय? मास्तरांना सांगितलंस तर ते पैसे मागतील. एकाने मागितले की सगळे मागतील. पतपेढीला द्यायला काही उरणार नाही आणि जूनमध्ये घर जाईल. नाही सांगितलंस तर चार वर्षं कुणाला कळणार नाही. तोवर काकांना विकून तू इथे आलेली असशील. फळ आंबट निघालं तर लोक जमिनीला नावं ठेवतील, पाण्याला ठेवतील, अप्पांना नाही. निदान त्यांचं नाव तरी राहील.

कागद लवकर पाठव. मलाही इथे दोन महिन्यांचं भाडं थकलंय. माझ्या वाट्याचे जे काय येतील त्यातून ते देऊन टाकेन म्हणतो. लपवायचं कशाला, तेही एक कारण आहेच.

बारक्या


३० मे

बारक्या,

मी सांगितलं.

आधी शिंपीणबाईंकडे गेले, कारण त्यांची पाचच झाडं होती आणि त्या ओरडत नाहीत. त्या मशीनवर होत्या. पाय चालवत ऐकत राहिल्या. माझं सांगून झाल्यावर त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मग आता कोण नीट करणार?" पैशाचं नाव काढलं नाही.

मास्तरांकडे जायला आठ दिवस लागले. त्यांच्या बागेत उभं राहून मी पानं चोळून त्यांच्या हातात दिली. एवढा शिकलेला माणूस, पण वासातला फरक कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावर ते खाली बांधावर बसले. अप्पांबद्दल ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, बोलले असते तर ते मला सहन झालं असतं. ते म्हणाले, "तू रोज तिथे होतीस, तुला दिसलं कसं नाही?" मी म्हटलं, दिसलं, कळलं नाही. त्यांनी पैसे मागितले. बरोबरच आहे. गवंड्यानेही मागितले आणि आणखी दोघांनी. काकूंनी गावभर सांगितलं की पोरीने बापाचं नाव मातीत घातलं. काकांनी भाव उतरवला.

मी काय ठरवलं ते ऐक. सगळं विकायचं नाही. घर रस्त्याला लागून आहे आणि काकांना मुलाच्या दुकानासाठी खरं म्हणजे घरच हवं आहे. ते घर त्यांना द्यायचं. त्यात पतपेढी फिटते आणि पैसे मागणाऱ्यांचंही बहुतेक भागतं. नर्सरी आपल्याकडे राहते, आणि ज्यांच्यावरून अप्पा डोळे काढायचे ती जुनी झाडं राहतात. मी अवजारांच्या खोलीत राहीन. छपराला पत्रा आहे, एक खिडकी आहे, माझी चूल मावते. बघून आले.

सोबत घराच्या विक्रीचा कागद आहे. खूण केली आहे तिथे सही कर. तुझ्या भाड्याला यातून काही निघणार नाही, ते मला कळतं.

आणि तू ये. एका हंगामापुरता ये. खुंट जिवंत आहेत, त्यांच्यावर पुन्हा डोळा बसवता येतो, हे तुझ्याच पत्रावरून माझ्या लक्षात आलं. मास्तरांना मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, पैसे घेईन पण झाडंही उपटणार नाही, तुझा भाऊ येऊन करून बघू दे. शिंपीणबाई तर रोज विचारतात. आता पाऊस आला की साल लाकडावरून सुटायला लागेल. तुला येतं ते काम, बारक्या. माझ्यासाठी नको येऊस, पण ये.

ताई


११ जून

ताई,

सही केलेला कागद पाठवतोय. त्याखाली दुसराही एक कागद आहे, तो घाबरून बघू नकोस. तो हक्कसोडीचा आहे. नर्सरीतला माझा हिस्सा मी तुझ्या नावे सोडला. इथल्या वकिलाकडून करून घेतला, तिथे फक्त तुझी सही लागेल. भाड्याचं मी बघून घेईन.

मी येऊ शकत नाही. काय झालंय ते आता लिहितो.

माझा हात भाजला नव्हता. लाँड्रीत चादरी वाळवायचा आणि इस्त्रीचा मोठा रोलर आहे, त्यात डिसेंबरमध्ये सापडला. उजवा हात. अंगठ्याजवळची तीन बोटं मिटत नाहीत. मी ही पत्रं डाव्या हाताने लिहितो, म्हणून तुझी ती कोंबडी. मालक म्हणाला, तू मशीन बंद न करता चादर ओढलीस, चूक तुझी. खरं होतं, मी ओढली होती, सगळेच ओढतात. मला दारावर गाठोडी मोजायला बसवलं आणि पगार निम्मा केला. अप्पांच्या वेळी आलो तेव्हा सांगणार होतो. पण तिथे आधीच एक मेलेलं माणूस होतं, त्यात माझा हात कुठे काढून दाखवू?

चाकू मला आता धरता येत नाही. येऊन मी नुसता उभा राहणार आणि मास्तर बघणार. मला ते नको.

काम कसं करायचं ते लिहितो, तुला जमेल. खुंट पेन्सिलीपेक्षा जरा जाड हवा. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीत आडवी चीर दे, मग तिच्या मधोमध खाली उभी. फक्त साल कापली पाहिजे, आतलं लाकूड नाही. चाकूच्या मागच्या बाजूने साल अलगद उचल. ती सहज सुटली नाही तर त्या दिवशी काम करू नकोस. जुन्या झाडाची फांदी घे, गोलसर आणि पिकत आलेली, कोवळी नको. डोळ्याखालून चाकू घालून साल पातळ काढ, पानाचा देठ तेवढा राहू दे. डोळ्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नकोस. तो सालीखाली सरकव, डोळा वरच्या दिशेला. खालून वर पट्टी गुंडाळ, डोळा उघडा ठेव. तीन आठवड्यांनी देठाला हात लाव. हात लावताच गळून पडला तर डोळा जगला. देठ वाळून चिकटून राहिला तर मेला.

हे सगळं मला अप्पांनी पाच मिनिटांत सांगितलं होतं. तुला सांगायला पाच मिनिटं लागली असती.

बारक्या


१६ जुलै

बारक्या,

घर काकांना दिलं. पतपेढीची पावती मिळाली, साहेबाने ती देताना परत चहा मागितला. मी अवजारांच्या खोलीत राहायला आले आहे. पहिले दोन दिवस सवयीने घराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काकूंनी विचारलं, काही विसरलीस का? मी नाही म्हटलं आणि परत आले.

तुझं पत्र समोर ठेवून नर्सरीतल्या खुंटांवर हात बसवायला घेतला. पहिली सगळी ओळ वाळली. चीर खोल जात होती. दुसऱ्या ओळीत अंगठा कापून घेतला, तोही खोलच. तिसऱ्या ओळीतले निम्मे देठ हात लावल्यावर गळून पडले. मी खाली वाकून ते उचलले. आणि मग मला अप्पांचा एवढा राग आला की चाकू टाकून मी तिथेच बसले आणि रडले. माणूस गेल्याचं रडणं नव्हतं ते. पाच मिनिटांचं काम, आणि त्यांनी मला वीस वर्षं पाणी घालायला लावलं. शेवटी डोळे माझे वापरले आणि तरीही काय बघायचं ते सांगितलं नाही. रडता रडता त्यांची आठवणही आली. दोन्ही एकदम आलं, वेगळं करता आलं नाही.

तुझ्या हाताचं वाचलं. तेरा दिवस माझ्यासमोर जेवत होतास आणि माझ्या लक्षात आलं नाही, तेही मला दिसलं पण कळलं नाही यातलंच. त्यावर भेटल्यावर बोलू.

आता हक्कसोडीचं. तो कागद तसाच परत पाठवते आहे, मी सही केलेली नाही. तू फार मोठं मन दाखवलंस असं तुला वाटत असेल. मला सोडून जाणारा प्रत्येक माणूस काही तरी माझ्या नावे करून जातो आणि मग निस्तरायला मी एकटी राहते. मला तुझा हिस्सा नको. वडिलांचं जे राहिलं ते अर्धं तुझं आहे, आणि राहिलंय ते म्हणजे लोकांच्या दारात उभे असलेले खुंट.

चाकू धरता येत नाही म्हणतोस. चाकू मी धरते. पण मास्तरांच्या बागेत झाडं मोठी झाली आहेत, कुठलं खरं आणि कुठलं खुंटाचं ते मला अजून दर वेळी ओळखता येत नाही. वासाने माझा घोटाळा होतो. साल कुठे सुटेल, डोळा कुठला घ्यायचा, तेही बघणारा लागतो. मी कापेन, तू बघ आणि मला सांग. नुसता उभा राहशील आणि मास्तर बघतील, तर बघू देत. मलाही बघतातच.

मास्तरांशी बोलून मी बागेच्या मधोमध दोरी बांधून घेतली. विहिरीकडची बाजू माझी, रस्त्याकडची तुझी. माझ्या बाजूला सोमवारपासून हात घालते. तुझ्या बाजूला मी चाकू लावणार नाही. नाही आलास तर ती झाडं वाढतील आणि चार वर्षांनी आंबट फळ धरतील, आणि कुणाची म्हणून लोकांनी विचारलं तर मी तुझं नाव सांगेन.

ताई